वेगनियंत्रक, इलेक्ट्रॉनीय

वेगनियंत्रक, इलेक्ट्रॉनीय : विद्युत् जनित्र चालविणाऱ्या एंजिनावरील भार कमीजास्त झाला, तरी एंजिनाचा वेग ठरलेल्या मूल्याजवळ कायम राखण्यासाठी त्याला मिळणाऱ्या इंधनाचे प्रमाण विद्युत् संदेशांच्या साहाय्याने आपोआप बदलणारी यंत्रणा. वेग मोजणारा संवेदक, मोजलेल्या वेगाची इष्ट वेगाशी तुलना करणारा नियंत्रक संच व इंधन पंपाची दांडी प्रत्यक्ष हलविणारा चालक, असे या यंत्रणेचे तीन मुख्य भाग असतात. ती एंजिनावर बसविणे हे जोडाऱ्याचे काम आहे. परंतु एंजिन, जनित्र व भार यांच्या स्वभावाला अनुसरून तिचे समायोजन करणे हे अधिक कौशल्याचे काम असून यंत्रणेची उपयुक्तता मुख्यत्वे त्यावरच अवलंबून असते.

वेग स्थिर राखण्याची आवश्यकता : प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची संख्या) जनित्राच्या वेगाशी निगडित असते. ध्रुवसंख्या व दर मिनिटाला होणारे फेरे यांच्या गुणाकाराला १२० ने भागले म्हणजे कंप्रता मिळते. यावरून ५० हर्ट्‌झ कंप्रतेसाठी चार ध्रुवांचे जनित्र दर मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी व दोन ध्रुवांचे जनित्र ३,००० फेऱ्यांनी फिरवावे लागते. एंजिनाचा वेग ४ टक्क्यांनी वाढला, तर कंप्रता ५२ हर्ट्‌झ होते व तिच्यावर चालणारी चलित्रे (मोटारी) जवळजवळ त्याच प्रमाणात जलद फिरतात. पंखे व केंद्रोत्सारी पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ४ टक्के अधिक वेगाला सु. १२ टक्के अधिक शक्ती लागते आणि चलित्र तापते. उलट कंप्रता घटून विद्युत् दाब तसाच राहिला, तर रोहित्राच्या व चलित्राच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत वाढतो आणि तोही तापतो. रुग्णालयातील उपकरणे व संगणक यांच्यासाठी वापरण्यात येणारे अखंड वीजपुरवठा संच कंप्रता ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास जनित्राची वीज स्वीकारीतच नाहीत व आपल्या घटमालेवर चालू राहतात. त्यामुळे जनित्र सुरू असूनही घटमाला रिकामी होऊन पुरवठा बंद पडण्याचा प्रसंग येऊ शकतो.

मोठ्या विद्युत् जालाला जोडलेल्या ग्राहकाला ही अडचण जाणवत नाही. भारतातील सर्व प्रादेशिक जाले ३१ डिसेंबर २०१३ पासून एकमेकांशी समकालिक रीत्या जोडलेली असल्याने पारस (जि. अकोला) येथील औष्णिक केंद्र व देशातील इतर शेकडो केंद्रे एकाच कंप्रतेने चालतात. खामगाव येथे ३० किलोवॉटचे एक चलित्र सुरू झाल्याचा परिणाम त्या प्रचंड फिरत्या वस्तुमानावर नगण्य असतो. वीजपुरवठा खंडित झाल्यावर एकट्याने चालणाऱ्या १०० केव्हीए जनित्रसंचावर मात्र तेच चलित्र एकदम येऊन पडते आणि त्याचा सर्व धक्का एकाच एंजिनाला सोसावा लागतो.

बुलढाणा जिल्ह्यातील वापर : बुलढाणा जिल्ह्याचा उत्तरेकडील पूर्णा नदीच्या खोऱ्याचा भाग सपाट व काळ्या कसदार जमिनीचा असून कापूस हे तेथील जुने नगदी पीक आहे. खामगाव ही कापसाची प्रसिद्ध बाजारपेठ असून जलंब–खामगाव हा लोहमार्गाचा फाटा १८७० मध्ये मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच घालण्यात आला. खामगाव, मलकापूर, नांदुरा इ. ठिकाणी सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आहेत. वऱ्हाडातील अशा कारखान्यांत प्रथम वाफ एंजिने, नंतर तेलावर चालणारी एंजिने व त्यानंतर विद्युत् चलित्रे आली. वाफ एंजिन किंवा तेल एंजिन एका लांब दंडावरून पट्ट्यांच्या साहाय्याने सर्व यंत्रे फिरवीत असे. तेथे वेगातील चार-पाच टक्क्यांचा फरक सहज खपून जाई. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र चलित्र आल्यानंतर आणि त्या चलित्रांना गरजेच्या वेळी जनित्रसंचाची वीज पुरविली जाऊ लागल्यानंतर वेगनियंत्रणाचा प्रश्न अधिक नाजूक झाला.

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ मुदतीचे भारनियमन करावे लागले. त्या काळात कारखाने, शीतगृहे, रुग्णालये व मंगल कार्यालये यांच्या आवारात डीझेल जनित्रसंच ही नित्याची गोष्ट झाली. सरकी काढणाऱ्या यंत्रांचा भार बराचसा एकसारखा असतो. परंतु गाठी बांधणाऱ्या दाबयंत्राचा द्रवीय पंप प्रत्येक गाठीच्या वेळी भार घेतो व सोडतो. हा चढउतार दिवसभर चालू राहतो. जनित्रसंचावरील वेगनियंत्रकाची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते. शल्यगृहाच्या बाबतीत चढउतार कमी असला, तरी तेथे वेगातील बिघाडाचे परिणाम अधिक गंभीर असतात.

इतिहास : पवनचक्क्यांतील जात्याच्या तळ्यांमधील अंतर राखण्यासाठी फिरत्या गोळ्यांची युक्ती अठराव्या शतकात वापरात होती. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये ती वाफ एंजिनाला लावली. दंडाबरोबर फिरणारे दोन जड गोळे वेग वाढला की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे बाहेर फाकतात व तरफांच्या साहाय्याने वाफेची झडप थोडी बंद करतात. वेग घटला की याउलट क्रिया होते. अशा वेगनियंत्रकांपैकी काही एंजिनांचा वेग स्थिर करण्याऐवजी त्यात सतत चढउतार निर्माण करीत. या वर्तनाचे गणितीय विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केले व रशियन अभियंते इव्हान व्हिश्नेग्राड्‌स्की यांनी १८७६–७७ मध्ये त्यात भर घातली. जहाजाच्या सुकाणूच्या स्वयंचलित नियंत्रणाचा अभ्यास करताना निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये प्रमाण, समाकलन (साठत गेलेली बेरीज) व अवकलन (बदलाची त्वरा) या तीन पदांवर आधारलेल्या नियंत्रणाचे विश्लेषण केले. आजचे बहुतेक इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रक याच तत्त्वावर चालतात. ट्रँझिस्टर व संकलित मंडले स्वस्त झाल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे नियंत्रक लहान जनित्रसंचांनाही परवडू लागले.

महाराष्ट्रात डीझेल एंजिनांच्या निर्मितीचे मोठे केंद्र पुणे हे आहे. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली व १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स (नंतरची कमिन्स इंडिया) ही कंपनी निघाली. विदर्भातील विहिरींवर पाणी उपसणारी एक सिलिंडराची मंदगती एंजिने मात्र बहुतांशी यांत्रिक वेगनियंत्रकावरच चालत आली. पंपाला अचूक कंप्रतेची गरज नसल्याने व एंजिनाला मोठे प्रचक्र (फिरती ऊर्जा साठविणारे जड चाक) असल्याने तेथे इलेक्ट्रॉनीय साधनाचा खर्च करणे व्यर्थ असते.

यांत्रिक वेगनियंत्रकाच्या मर्यादा : केवळ गोळे व स्प्रिंग असलेल्या यांत्रिक वेगनियंत्रकाला अधिक इंधन देण्यासाठी वेगात प्रत्यक्ष घट व्हावी लागते, कारण गोळ्यांची स्थिती वेगावरच ठरते. म्हणून पूर्ण भारावरील वेग भारशून्य स्थितीतील वेगापेक्षा नेहमी कमी असतो. या फरकाला वेगउतार म्हणतात. व्यवहारात ‘ड्रूप’ हा इंग्रजी शब्दच रूढ आहे. भार नसताना ५२ हर्ट्‌झ व पूर्ण भारावर ५० हर्ट्‌झ कंप्रता असल्यास वेगउतार ४ टक्के होतो. याशिवाय सांध्यांतील घर्षण व झीज यांमुळे गोळ्यांच्या हालचालीला विलंब लागतो.

या विलंबाचे महत्त्व एका ढोबळ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या जनित्रसंचाच्या सर्व फिरत्या भागांचे निरूढी परिबल (फिरण्यातील बदलाला विरोध करण्याचे माप) ६ किग्रॅ. मी.² आहे असे मानू. दर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर त्यात सु. ७४ किलोजूल ऊर्जा साठलेली असते. अशा संचावर ४० किलोवॉट भार अकस्मात आला व इंधन वाढण्यास पाव सेकंद लागला, तर तेवढ्या वेळात १० किलोजूल ऊर्जा फिरत्या भागांतूनच काढली जाते, वेग सु. ७ टक्क्यांनी घटतो व कंप्रता ४६·५ हर्ट्‌झपर्यंत खाली येते. हाच विलंब एकदशांश सेकंद असेल, तर फक्त ४ किलोजूल ऊर्जा जाते व कंप्रता ४८·६ हर्ट्‌झच्या खाली जात नाही. इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रकाचा मुख्य लाभ विलंब कमी करण्यात आहे. त्याचा दुसरा लाभ असा की, समाकलन पदामुळे भार बदलून स्थिरावल्यानंतर वेग पुन्हा मूळ मूल्यावर येतो, म्हणजे वेगउतार शून्य ठेवता येतो. या स्थितीला समवेग नियंत्रण म्हणतात.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ८५२८ क्रमांकाच्या मानकाच्या पाचव्या भागात जनित्रसंचांचे कार्यमानानुसार वर्ग केलेले आहेत. जी-१ वर्गात ८ टक्के, जी-२ वर्गात ५ टक्के व जी-३ वर्गात ३ टक्के इतका वेगउतार चालतो. स्थिर भारावर कंप्रतेच्या चढउताराचा पट्टा अनुक्रमे २·५, १·५ व ०·५ टक्के यांहून अधिक असू नये, अशी अपेक्षा आहे. दिवे व साधी चलित्रे यांना पहिला वर्ग, सर्वसाधारण औद्योगिक भाराला दुसरा आणि दूरसंदेशवहनाची व इतर नाजूक उपकरणे यांना तिसरा वर्ग योग्य ठरतो.

घटक व कार्य : (१) वेगसंवेदक : एका स्थिर चुंबकाभोवती तारेचे वेटोळे असलेला हा संवेदक प्रचक्राच्या दंतुर कड्यासमोर बसवितात. प्रत्येक दाता समोरून जाताना चुंबकीय स्रोत बदलतो व वेटोळ्यात एक विद्युत् स्पंद प्रवर्तित होतो. कड्याला ११८ दाते असतील, तर दर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर दर सेकंदाला २,९५० स्पंद मिळतात. एका फेऱ्यात शंभराहून अधिक वेळा मोजणी होत असल्याने वेगातील सूक्ष्म बदलही तत्काळ कळतो.

(२) नियंत्रक संच : स्पंदांची कंप्रता हा संच वेगाच्या मापात रूपांतरित करतो, इष्ट मूल्याशी तिची तुलना करतो व त्रुटीच्या प्रमाणात चालकाला प्रवाह पुरवितो. पूर्वीचे संच अनुरूप मंडलांचे असत. नंतरच्या संचांत सूक्ष्मप्रक्रियक वापरतात.

(३) चालक : हा बहुधा विद्युत् चुंबकीय असतो. प्रवाह वाढला की त्याचा आस स्प्रिंगेच्या विरोधात फिरतो व इंधन वाढवितो; प्रवाह बंद पडला की स्प्रिंग आसाला शून्य इंधनाच्या स्थितीत परत नेते. ही दिशा मुद्दाम निवडलेली असते. संवेदकाची तार तुटली, घटमाला निकामी झाली किंवा नियंत्रक बिघडला, तर एंजिन बंद पडावे, बेलगाम धावू नये, असा त्यामागील हेतू आहे.

मांडणी : यांत्रिक वेगनियंत्रक असलेल्या जुन्या एंजिनावर इलेक्ट्रॉनीय यंत्रणा बसविण्यापूर्वी एंजिन मुळात सुस्थितीत आहे, याची खात्री करून घेतात. अंतःक्षेपण पंपाची नियंत्रण दांडी हाताने हलविली असता कोठेही न अडकता सरकली पाहिजे. इंधन गाळण्या स्वच्छ व इंधन नळ्या हवारहित असाव्या लागतात. या बाबींतील दोष इलेक्ट्रॉनीय साधनाने झाकले जात नाहीत; उलट ते अधिक ठळकपणे दिसू लागतात.

संवेदक बसविताना एंजिन बंद ठेवून एक दाता छिद्राच्या अगदी समोर आणतात. संवेदक दात्याला हलकेच टेकेपर्यंत आत फिरवून नंतर अर्धा ते पाऊण फेरा मागे घेतात व नट आवळतात. आट्यांचा अंतराल १·५ मिमी. असल्यास अर्धा फेरा म्हणजे ०·७५ मिमी. अंतर होय. अंतर फार कमी ठेवल्यास कड्याच्या किंचित डगमगण्यानेही संवेदक घासला जातो. फार अधिक ठेवल्यास एंजिन सुरू करताना, म्हणजे वेग कमी असताना, पुरेसा संदेश मिळत नाही. आरंभक चलित्राने एंजिन फिरत असताना संवेदकाच्या टोकांशी किमान सु. १ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब मिळावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. समोरचा भाग दात्यांचाच असावा, छिद्रांचा किंवा खिळ्यांचा नसावा. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटल्यास तो पुसून काढावा लागतो.

चालक भक्कम पट्टीवर बसवितात व त्याची तरफ पंपाच्या नियंत्रण दांडीशी शक्य तितक्या आखूड, हलक्या व ताठ दुव्याने जोडतात. दुव्याच्या टोकांना गोलक सांधे वापरतात. सैल सांध्यातील मोकळीक वेगाच्या थरथरीचे नित्याचे कारण असते. तरफांची लांबी अशी निवडतात की, भारशून्य स्थितीपासून पूर्ण भारापर्यंत जाण्यास चालकाच्या एकूण हालचालीपैकी निम्म्याहून अधिक भाग वापरला जावा. त्याहून कमी भाग वापरला, तर चालकाच्या अल्प हालचालीने इंधन फार बदलते व समायोजन अवघड होते. जुना यांत्रिक वेगनियंत्रक पंपातच राहत असल्यास त्याचा वेग नेहमीपेक्षा वरच्या मूल्यावर पक्का करून ठेवतात. दोन्ही नियंत्रक एकाच वेगावर ठेवल्यास ते परस्परविरोधी क्रिया करतात.

नियंत्रक संच एंजिनावर न बसविता कंपन व उष्णता यांपासून दूर, नियंत्रण पेटीत उभा बसवितात. पूर्णेच्या खोऱ्यातील मैदानी भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. ध्वनिरोधक आवरणाच्या आत ते याहून पुष्कळ अधिक असते. घाटावरील बुलढाणा शहर सु. ६५० मी. उंचीवर असून तुलनेने थंड आहे. परंतु बंदिस्त एंजिन खोलीची स्थिती तेथेही फारशी वेगळी नसते. संवेदकाच्या तारा एकमेकींना पीळ देऊन धातूच्या जाळीदार आवरणातून नेतात. हे आवरण नियंत्रकाच्या बाजूलाच जमिनीशी जोडतात. दोन्ही टोके जोडल्यास आवरणातून प्रवाह वाहून खोटे स्पंद निर्माण होऊ शकतात. संवेदकाच्या तारा मुख्य विद्युत् वाहकांपासून दूर ठेवतात. नियंत्रकाचा पुरवठा घटमालेच्या टोकांपासून थेट व वितळतारेमार्फत घेतात. घटमाला प्रभारकाशी जोडलेली असून प्रत्यक्षात दुबळी असेल, तर आरंभाच्या वेळी दाब इतका घटतो की, चालक उघडतच नाही व एंजिन सुरू होत नाही.

या सर्वांपेक्षा निराळा असा अतिवेग संरक्षक बसविणे अत्यावश्यक असते. वेग सामान्यतः ११५ टक्क्यांच्या (१,७२५ फेरे) वर गेल्यास तो इंधन किंवा हवा स्वतंत्र मार्गाने बंद करतो. चालकाचा दुवा निखळणे किंवा इंधन दांडी उघड्या स्थितीत अडकणे, या प्रसंगी नियंत्रकाने कितीही अचूक आज्ञा दिली, तरी ती एंजिनापर्यंत पोहोचत नाही. बेलगाम वेगाने एंजिनाचे व जनित्राचे फिरते भाग फुटून जवळच्या माणसांना प्राणघातक इजा होऊ शकते. तसेच जनित्राची वीज व मंडळाच्या जालाची वीज एकाच वेळी जोडली जाणार नाही, अशा रचनेचा बदलस्विच आवश्यक असतो. त्याच्या अभावी वाहिनी बंद समजून खांबावर काम करणाऱ्या तारमार्ग कामगाराच्या जिवाला जनित्राच्या विजेने धोका पोहोचतो.

समायोजन : प्रथम भार न जोडता एंजिन सुरू करतात. पहिल्या वेळी एका व्यक्तीने इंधन बंद करण्याच्या तरफेजवळ उभे राहावे, असा शिरस्ता आहे. नियंत्रकावरील लाभांक व स्थैर्य यांची मळसूत्रे सुरुवातीस मध्यावर किंवा त्याखाली ठेवतात. भारतीय बाजारातील संचांवर ती अनुक्रमे ‘गेन’ व ‘स्टॅबिलिटी’ अशा इंग्रजी नावांनी दर्शविलेली असतात. एंजिन तापून स्थिरावल्यावर वेगाचे मळसूत्र फिरवून कंप्रता ५० हर्ट्‌झवर आणतात. कंप्रतामापक विश्वसनीय असला पाहिजे.

त्यानंतर लाभांक हळूहळू वाढवितात. लाभांक म्हणजे ठराविक त्रुटीला चालकाने किती जोराने प्रतिसाद द्यावा, याचे प्रमाण. तो वाढत गेला की एका मर्यादेनंतर एंजिनाचा आवाज चढू-उतरू लागतो व चालकाची तरफ थरथरू लागते. हे दिसताच मळसूत्र आंदोलन थांबेपर्यंत मागे घेतात व सुरक्षिततेसाठी आणखी थोडे मागे नेतात. स्थैर्याच्या मळसूत्राबाबत हीच कृती करतात. हे मळसूत्र समाकलनाची त्वरा ठरविते. ते फार कमी असल्यास वेग मूळ मूल्यावर सावकाश येतो, फार अधिक असल्यास वेग त्या मूल्याच्या पलीकडे जाऊन परत येतो व हा खेळ चालूच राहतो. ज्या संचांत अवकलनाचे तिसरे मळसूत्र असते, तेथे ते शेवटी व अल्प प्रमाणात वाढवितात.

भारशून्य स्थितीतील समायोजन अंतिम मानता येत नाही. कारखान्यात प्रत्यक्ष असणारा भार टप्प्याटप्प्याने जोडून व तोडून परीक्षा घ्यावी लागते. गाठी बांधण्याच्या यंत्राचे चलित्र सुरू करणे, गाठ दाबणे व भार एकदम सोडणे, या तीनही वेळी कंप्रता किती खाली-वर जाते व किती सेकंदांत स्थिरावते, याची नोंद ठेवतात. जी-२ वर्गात ही स्थिरता ५ सेकंदांच्या आत यावी, असे मानक सांगते. एक-दोन हेलकावे घेऊन वेग स्थिरावत असेल, तर समायोजन योग्य समजतात. याच वेळी आरंभीचे इंधन व वेगवाढीची त्वरा यांची मळसूत्रेही ठरवितात; आरंभीचे इंधन अधिक असल्यास काळा धूर येतो. शेवटी अतिवेग संरक्षकाची मर्यादा तात्पुरती खाली आणून तो एंजिन खरोखर बंद करतो की नाही हे तपासतात व मर्यादा पूर्ववत करतात. समायोजनानंतरच्या सर्व मळसूत्रांच्या स्थिती नोंदवहीत लिहून ठेवणे उपयुक्त ठरते.

समांतर जोडणी : दोन संच एकाच भारावर समांतर चालवावयाचे असल्यास दोन्ही समवेग स्थितीत ठेवून चालत नाही. दोहोंच्या इष्ट वेगांत अत्यल्प फरक असला, तरी अधिक वेगाचा संच सर्व भार स्वतःकडे ओढतो व दुसरा उलट चलित्राप्रमाणे फिरू लागतो. यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही संचांना सारखाच, बहुधा ३ ते ५ टक्के, वेगउतार देणे. भार वाढला की दोन्ही संच सारखेच मंदावतात व आपापल्या क्षमतेच्या प्रमाणात भार वाटून घेतात. कंप्रता स्थिरच हवी असल्यास संचांचे भार मोजून परस्परांना कळविणारी स्वतंत्र भारविभाजन यंत्रणा जोडतात. सौर विद्युत् घटांबरोबर जनित्रसंच चालविताना अशी यंत्रणा विशेष आवश्यक असते. कारण ऊन वाढले की एंजिनावरील भार फार कमी होतो व दीर्घकाळ अत्यल्प भारावर चाललेल्या डीझेल एंजिनात अपूर्ण ज्वलनामुळे काजळी साठते.

दोष व त्यांचे निदान : वेगातील चढउतार दिसताच नियंत्रकाला दोष देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते, परंतु पुष्कळदा मूळ कारण अन्यत्र असते. चालकाची तरफ हाताने, काळजीपूर्वक व योग्य स्थितीत स्थिर धरली असता वेग स्थिर झाला, तर दोष नियंत्रणात किंवा समायोजनात असतो. तरीही वेग हलत राहिला, तर इंधन पुरवठा, अंतःक्षेपक किंवा भार यांकडे पाहावे लागते. इंधन नळीत हवा असल्यास वेग अनियमितपणे घसरतो. सेकंदाला अनेक वेळा होणारी जलद थरथर बहुधा सैल दुवा, झिजलेली दंतचक्रे किंवा संवेदकाच्या तारेतील गोंगाट यांमुळे असते. काही सेकंदांच्या अंतराने येणारा संथ हेलकावा समाकलनाचे आधिक्य किंवा अडकणारी दांडी सुचवितो.

विद्युत् दाब नियंत्रक हाही काही वेळा कारणीभूत ठरतो. तो दाब वर उचलतो तसा भार वाढतो, एंजिन मंदावते, कंप्रता घटताच तो दाब कमी करतो आणि भार पुन्हा हलका होतो; अशा रीतीने दोन निर्दोष साधने एकत्र आल्यावर आंदोलन सुरू होते. जनित्राचे उत्तेजन काढून घेतल्यावर एंजिन स्थिर चालले, तर या दोहोंच्या समायोजनाचा एकत्रित विचार करावा लागतो.

चालक पूर्ण उघडलेला असूनही वेग कमीच राहणे हा वेगनियंत्रकाचा दोष नसून एंजिनाची शक्ती कमी पडल्याचे लक्षण आहे. सरकी काढण्याच्या कारखान्यात हवेत तरंगणारा कापसाचा तंतू हवागाळणीवर व शीतकाच्या जाळीवर साचतो. हवा कमी पडल्याने धूर काळा होतो, एंजिन तापते व भार पेलत नाही. अशा वेळी वेगाचे मळसूत्र वर फिरविणे निरर्थकच नव्हे, तर हानिकारक असते. कारण भार सुटताच एंजिन वाढविलेल्या वेगावर जाते. हंगामात गाळणी व जाळी रोज साफ करणे हाच त्यावरील उपाय होय.

आधुनिक प्रगती : देशातील जनित्रसंचांच्या उत्सर्जनाबाबतचे नियम २०१४ मध्ये व पुन्हा १ जुलै २०२३ पासून अधिक कडक झाले. हे नियम पाळण्यासाठी नव्या एंजिनांपैकी अनेकांत उच्च दाबाच्या सामाईक नळीतून इंधन पुरविणारी पद्धत वापरतात. अशा एंजिनांत वेगनियंत्रण हे स्वतंत्र साधन न राहता इंधनाची मात्रा, अंतःक्षेपणाची वेळ व उत्सर्जन या सर्वांचे नियंत्रण करणाऱ्या संगणकीय संचाचा एक भाग बनले आहे. तेथे मळसूत्राऐवजी निर्मात्याच्या आज्ञावलीतून समायोजन करतात व स्थानिक कारागिराला त्यात हात घालण्यास फारसा वाव राहत नाही. तथापि यांत्रिक अंतःक्षेपण पंपाची असंख्य एंजिने अद्याप वापरात असून त्यांच्यावर इलेक्ट्रॉनीय वेगनियंत्रक बसविण्याचे काम चालू आहे. त्यासाठी डीझेल यांत्रिकी व वीजतंत्र या दोन्ही शाखांचे ज्ञान असलेल्या कारागिरांची गरज असते. साधन कोणत्याही पिढीचे असले, तरी त्रुटी मोजणे, तिला योग्य मात्रेत प्रतिसाद देणे व प्रतिसादाचा अतिरेक टाळणे, हे वेगनियंत्रणाचे मूलतत्त्व वॉट यांच्या काळापासून बदललेले नाही.